उमेदवार तयार आहे

“परीक्षा शेवटच्या वर्षीच दे,” केबलवाल्या काकांनी लेकीला ठणकावून सांगितलं. “आत्ता दिलीस तर आपटशील.”

लेक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा कधी द्यायची, यावरून बापलेकीत पंधरा दिवस खडाजंगी चालली होती.

काका त्याच कॉलेजात बावीस वर्षं केबल ओढत होते. नेट बंद पडलं की प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे आधी काकांना हाक मारायचे. नेट सुरू झालं की आभार मात्र सर्टिफिकेटवाल्या साहेबांचे! “जरा शिडी धरा” असं आपल्या लेकीला तरी कुणी म्हणू नये, एवढीच काकांची इच्छा होती.

पण पोरीची तयारी बघून त्यांना काळजी वाटायची. रोज संध्याकाळी ती पुस्तक उघडायची, प्रश्न वाचायची आणि डोकं खाजवत बसायची.

“बाबा, दोन मशिन आहेत. एक चालू केलं की दुसऱ्याचं नेट जातं. दोन्ही वायरी जातात तो स्विचचा डबा बदलायला हवा ना?”

“स्विच कशाला बदलतेस, बाई माझे! कुणीतरी दोघांना एकच पत्ता देऊन ठेवलाय. एकाच घराचा नंबर दोन दारांवर लावला तर पोस्टमनने काय करायचं?”

“अय्या, खरंच की!” लेक पटकन वहीत खूण करायची.

“आणि अख्ख्या मजल्याचं नेट ठप्प, स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकतायत, तर?”

“एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खुपसलीत कुणीतरी. मागे लायब्ररीत नाही का झालं? साहेब दोन दिवस पुस्तकं चाळत होते.”

“तुम्ही हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?”

“पुस्तकात कुठलं? शिडीवर!”

काका करवादायचे खरे, पण मनातून तिचं कौतुकही वाटायचं. दिवसभर कॉलेज, मग प्रॅक्टिकल, आणि वर हे दोन तास. चुकली तरी पोरगी हटायची नाही. समजेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारायची, अगदी पिच्छा पुरवायची.

एका रविवारी तिने घड्याळ लावून साठ प्रश्न वाचले. काका उत्तरं देत गेले, ती खुणा करत गेली.

“किती चुकले?”

“चार.”

“माझं सोड गं. तुझं काय?”

लेकीने वही मिटली. “बाबा, उमेदवार तयार आहे. फक्त भीती जात नाहीये. दोन वर्षं थांबून ती जाणार आहे का?”

काकांना ते वर्मी लागलं. आधी बहिणीचं लग्न, मग आईचं आजारपण, मग ‘आता या वयात कुठे’ असं म्हणत त्यांचं स्वतःचं शिकणं कधीच मागे पडलं होतं.

“दे मग आत्ताच,” ते म्हणाले. “पुढे ढकललं की माझ्यासारखं राहून जातं.”

“नक्की? नंतर माघार नाही हं.”

“नाही घेणार. शब्द दिला.”

परीक्षेच्या दिवशी लेकीने घरातूनच बजावलं, “ओळखपत्र खिशात घ्या, तिथे दारावर विचारतात.” काकांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. रस्ताभर ते तिला धीर देत राहिले, आणि स्वतःच घाम पुसत राहिले.

केंद्राच्या दारातली बाई म्हणाली, “उमेदवारांनी आत यावं, सोबतच्यांनी बाहेर बसावं.”

काकांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. “घाबरू नकोस. प्रश्न दोनदा वाच, मगच उत्तर दे.”

“तेच मी तुम्हाला सांगणार होते,” लेक म्हणाली, त्यांचाच फोटो असलेलं प्रवेशपत्र तिने त्यांच्या हातात ठेवलं, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.