सतरावी ओळ

टेबलावर एका बाजूने टंकलेली एकोणीस पाने होती, काळ्या शाईतल्या चार आकृत्या होत्या आणि एक तक्ता. तक्त्यात चोवीस रुग्णांच्या चोवीस ओळी. तेवीस पूर्ण होत्या. सतराव्या ओळीचा शेवटचा रकाना कोरा होता.

"हा असाच गेला तर लेख परत येईल," डॉक्टर नेसरीकर म्हणाले.

रवळूने कलकत्त्याच्या नियतकालिकाची नियमपत्रिका पुन्हा एकदा पाहिली. डावीकडे दीड इंच समास. ओळींत दुप्पट अंतर. तक्त्याला उभ्या रेषा नकोत. रुग्णांची नावे नकोत, फक्त क्रमांक. प्रत्येकाच्या लागोपाठ सहा तपासण्या हव्यात. समास आणि उभ्या रेषा यांसाठी संपादकांनी लेख एकदा परत धाडला होता. आता शनिवारच्या टपालाने गेला तरच तो पुढच्या अंकात येणार होता.

पिरनवाडीच्या पुढे, माळावर, महारोग्यांचे ते रुग्णालय होते. खानापूरच्या रानातून कडूकवठाच्या बिया येत आणि त्यांचे तेल डॉक्टर रुग्णांना टोचत. तेवीसपैकी एकोणीस जणांच्या कातडीत आता जंतू सापडत नव्हते. चौघांच्या सापडत होते. तेही तक्त्यात जसेच्या तसे होते. सहाही तपासण्या निर्मळ निघाल्या की माणसाला दाखला मिळे आणि तो घरी जाई.

रवळू पुण्याचा बी. एस्सी. तिथल्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तो या माळावर आला, तेव्हा गावातल्या भावकीने त्याच्याशी बोलणे टाकले. इथे त्याने धूळ खात पडलेला सूक्ष्मदर्शक दुरुस्त केला, जंतू रंगवायची द्रावणे स्वतः केली आणि डॉक्टरांच्या टिपणांतून लेख उभा केला. लेखाच्या शिरोभागी डॉक्टरांनी आपल्या नावाआधी त्याचे नाव घातले होते. त्याने ते दोनदा खाली नेले, डॉक्टरांनी दोनदा वर आणले.

"सतराला गाळू या," डॉक्टर म्हणाले. "तेवीस जणांचा लेखही चांगलाच आहे."

"येत नाही म्हणून गाळायचा? कदाचित तोच आपल्याला खोटं पाडणारा असेल."

"मग त्याला आण."

"घाबरलाय तो. पाच तपासण्या झाल्यात. सहावीत एक जरी जंतू दिसला तरी पुन्हा पहिल्यापासून."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. लेखाचा नियम ते बोलण्यातही पाळत. या चोवीस जणांना त्यांच्या तोंडी क्रमांकच असे. "सतराला सांग," ते म्हणाले, "भीतीने जंतू वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत."

"सांगतो."

दुपारी रवळू पानांवर गरम इस्त्री फिरवत बसला. रुग्णालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर ती फिरे. कागद सपाट होई आणि जंतू मेले, असे टपालवाल्याच्या मनाचेही समाधान होई. अकरा क्रमांकाचा यल्लाप्पा दारात आला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तो पूर्वी कामाला होता. परवा त्याला दाखला मिळाला होता आणि तेव्हापासून तो सगळ्यांचा निरोप घेत हिंडत होता, काहींचा दुसऱ्यांदा.

"मास्तर, तुमचं नाव छापून येनार आन् आमचा निस्ता आकडा व्हय?"

रवळूने नियम समजावला.

"मग मी बरा झालो ह्ये निपाणीत कळायचं कसं? बायको म्हनंल, अकरा कोन?"

"अंक धाडतो की तुम्हाला, आप्पा. पण इंग्रजीत हाय."

"मग तर लई बेस. कुनाला वाचाय येत न्हाय, मी सांगीन त्येच खरं."

रवळू हसता हसता इस्त्री उचलायला विसरला. चौदावे पान पिवळे पडले आणि पुन्हा टंकावे लागले.

शुक्रवारी गुणाबाई, त्याची आई, भाकरीचे गाठोडे घेऊन आली. कुंपणाजवळ एक चपटा दगड होता. बाहेरून आलेली वस्तू त्यावर ठेवायची, मग आतल्याने उचलायची, असा तिथला रिवाज होता. डॉक्टरांची बायकोसुद्धा डबा तिथेच ठेवी. गुणाबाई गाठोडे ठेवून बाजूला झाली. धाकट्या बहिणीचे लग्न मच्छे गावात ठरले होते. मुलाकडचे विचारत होते, थोरला भाऊ मांडवात दिसणार की नाही.

"आजून काय ऱ्हायलंय रं?"

"एक तपासणी, आये. ती झाली की लेख पुरा."

"मग उरकून टाक की. कशाला भेतोस?"

त्याने गाठोडे उचलले. लेखात चूक राहिली तर डॉक्टरांचे हसे होईल, असे काहीतरी तो बोलला. गुणाबाईने ते ऐकून घेतले आणि ठेच्याला तेल जरा जास्त झालेय, एवढेच सांगितले.

संध्याकाळी त्याने पाने क्रमाने लावली, आकृत्यांच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक घातले आणि तक्त्याचे पान यंत्रात चढवून ठेवले.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत दोघेच होते. डॉक्टरांनी कातडी खरवडायचे पाते दिव्यावर धरले आणि निवू दिले.

"सतरा," ते म्हणाले.

रवळूने टोपी काढली आणि खुर्चीत बसून उजव्या कानाची पाळी पात्यापुढे केली.

रुग्ण १७. वय २६. सहावी तपासणी: सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली क्षेत्रे शंभर, जंतू शून्य.