मोहाखालचा मुखवटा

मोहफुलं वेचायला जंगलात शिरताना आईनं गुंजनच्या डोक्यामागे हसरा मुखवटा बांधला. "वाघ मांगूनच येते. त्याले वाटलं पाहिजे, तू त्याच्याकडंच पाहून राहिली. काही झालं तरी पळू नोको."

आई पलीकडच्या झाडाखाली गेली आणि गुंजनच्या मागे पाचोळा वाजला. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

"ताई, मले लपव." आवाज फुटक्या रेडिओसारखा होता. "आत्ताच आभाळातून उतरलो, तं पट्ट्यापट्ट्याचं जनावर मांगं लागलं. माणसं तं मले पाहूनच पळाली. तू एकटीच हसून राहिली."

तो धापा टाकत, वळसा घालून त्या हसऱ्या चेहऱ्यामागे लपायला आला. तिथं आणखी एक चेहरा होता, घामेजलेला, रडवेला. त्याचे तिन्ही डोळे विस्फारले.

"म्हणजे तूबी भेली?"

गुंजननं हळूच डोळे उघडले आणि मान हलवली. त्यानं आपला गार, हिरवा हात तिच्या हातात दिला. झुडपातून गुरगुर आली. दोघंही जागचे हलले नाहीत. मुखवटा तेवढा वाघाकडे पाहून हसत होता.