डावी बाजू मोकळी

मुबारक मुकादम यांच्या नजरेतून आजवर काहीही सुटलेलं नव्हतं. ही माहिती खुद्द मुबारक मुकादम यांनीच दिलेली असल्यामुळे ती तपासून बघायची वेळ कुणावर आली नव्हती. आज आली होती. पनवेलच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, अंधाऱ्या खोलीत, एका भल्यामोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून ते बसले होते. हातात एक बटण होतं.

"काका, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही लाइट चमकला की बटण दाबा," मशीनवरची हेतल म्हणाली.

उजवीकडे चमकला. त्यांनी दाबलं. वर चमकला. दाबलं. मग बराच वेळ काहीच चमकेना. मशीन मात्र आतल्या आत कुरकुरत होतं, म्हणजे कुठेतरी काहीतरी दाखवत होतं. मुबारकभाईंच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला. घाबरलेला शहाणा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. अंदाजाने बटण दाबायला सुरुवात केली.

"काका, लाइट नसताना दाबताय."

"तुला दिसला नसेल."

"मशीनला कळतं, काका. चला, पुन्हा करू."

कुवेतला ट्रेलर चालवण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. गाडीवर कधी ओरखडा नाही. परत आल्यावर त्यांना एकच काम उरलं होतं, मुलगा राहिल याची पोर रिदा हिला शाळेत सोडायचं आणि आणायचं. ते काम ते ट्रेलरच्या इतमामाने करत. आधी बिस्मिल्ला. मग मधला आरसा, उजवा आरसा, डावा आरसा. तिन्ही बघितल्याशिवाय गाडी हलत नसे. तेही डोळ्यांच्या कोपऱ्यातून. मान वळवतो तो ड्रायव्हर कच्चा. शाळेच्या गेटसमोर बाकीचे पालक हॉर्न बडवत. मुबारकभाईंना डावी बाजू रोज मोकळी मिळे. याला ते अनुभव म्हणत.

बाजूच्या सीटवरून बायको बिल्कीस रोज ओरडे, "डावीकडे बघा, डावीकडे!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "कुवेतला तू नव्हतीस, तेव्हा मी गाडी ढकलत नेत होतो का?" ईदच्या आधी सोसायटीच्या गेटचा खांब गाडीला घासला. तेव्हाही ती काहीतरी सांगायला गेली होती. "खांब पुढे आलाय," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. मग गेल्या आठवड्यात पळस्प्याच्या नाक्यावर एक मोटारसायकलवाला जमिनीतून उगवावा तसा बॉनेटपुढे उगवला. वाचला बिचारा. बिल्कीस ओरडली नाही. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या गप्प बसण्याला घाबरून ते इथे आले होते.

"डोळे उत्तम आहेत," डॉक्टर किशोरी रिपोर्ट बघत म्हणाल्या. मुबारकभाईंनी बायकोकडे विजयी नजर टाकली. "अडचण मेंदूत दिसतेय. मागच्या भागात कधीतरी छोटीशी गुठळी अडकली असावी. स्कॅन करून घेऊ. पण दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर गेलीय."

"गेली असती तर तिथे काळं दिसलं असतं ना? मला तर सगळं दिसतंय."

डॉक्टरांनी कागदावर एक फुली काढली. तिच्या उजवीकडे एक आडवी रेघ, मधे बोटभर तुटलेली. "डावा डोळा झाका. फुलीकडेच बघा. कागद हळूहळू जवळ आणा."

मुबारकभाईंनी आणला. एका जागी तुटलेली रेघ सांधली गेली. अखंड, सरळ रेघ. त्यांनी दचकून कागद खाली ठेवला. रेघ तुटलेलीच होती.

"एवढी आंधळी जागा प्रत्येकालाच असते. तुमची फार मोठी झालीय," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदू भोक उघडं ठेवत नाही. आजूबाजूला जे असेल त्याचंच ठिगळ लावून देतो."

"आजूबाजूला रस्ता असला तर?"

"तर रस्ताच दाखवेल. मोकळा."

मुबारकभाईंना शाळेचं गेट आठवलं. रोज मोकळी मिळणारी डावी बाजू आठवली. शाळा भरायची वेळ, आणि तिथे एकही पोर नाही. त्यांनी तो कागद उलटा घालून ठेवला.

"गाडी चालवायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि डावीकडचं काहीही बघायचं असेल तर पूर्ण मान वळवायची."

खाली पार्किंगमध्ये येईपर्यंत मात्र माणसाला धीर येतो. डॉक्टर काय, काहीही म्हणतात. मशीन काय, बिघडतं. रिदाची शाळा सुटायची वेळ झाली होती, आणि पोर गेटवर आजोबांची वाट बघणार होती. हे शेवटचं, उद्यापासून बघू, असं म्हणत ते स्टिअरिंगवर बसले.

"मी नाय बसायची," बिल्कीस म्हणाली. "आणि रिदाला पण बसवू देणार नाय."

"नको बसूस."

ती रिक्षा बघायला गेली असावी, कारण कुठे दिसेना. बिस्मिल्ला. मधला आरसा. उजवा आरसा. डावा आरसा. छातीतली धडधड जरा कमी झाली.

"उगाच घाबरवतात," ते मोठ्याने म्हणाले. "आरशात मागचं सगळं साफ दिसतंय."

"कुठच्या आरशात, राहिलचे अब्बा?"

आवाज हाताच्या अंतरावरून आला. मुबारकभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण मान वळवली. डाव्या खिडकीत बिल्कीस होती. जाईलच कुठे, केव्हाची तिथेच उभी होती.

तिच्या कोपराशी, दाराला, एक काळा खुंट होता आणि त्यातून दोन वायरी लोंबत होत्या. डावा आरसा ईदच्या आधीच त्या खांबाने नेला होता.