न अडकलेल्या पेशी

"पेशी अडकल्या नाहीत, तर पट्टी फाटली समज. टाकून दे, नवी घे." प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ मिस्टर गेन्स निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांची ही शिकवण ओपल रिडिकच्या कानातून गेली नव्हती. त्याबरहुकूम तिने सकाळपासून तीन पट्ट्या लाल डब्यात टाकल्या होत्या.

पट्टी म्हणजे बोटभर पारदर्शक रबर. आत केसाहून बारीक वाटा कोरलेल्या, अंगातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांसारख्या. ल्युकेमियाच्या पेशी त्यात शिरल्या की ताठून वाट अडवून बसत. औषधाने मेल्या की आणखी कडक होत, आणखी तुंबत. अटलांटातल्या या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं ओपलने हेच पाहिलं होतं. आज मात्र नव्या गोळ्या सुरू झाल्यापासूनच्या पाचव्या दिवसाचं रक्त सोडलं, आणि पेशी सरसर पार.

चौथी पट्टी तिच्या हातात होती. नळीच्या तळाशी जेमतेम एका खेपेपुरतं रक्त उरलेलं.

हे रक्त वर रुग्णालयाच्या सहाव्या मजल्यावरच्या मिस कोरा लेडबेटरचं. तिची शीर सापडता सापडत नसे. पहिल्या दिवशी ओपल नळी घेऊन गेली, तेव्हा म्हातारीने हात पांघरुणात ओढून घेतला होता. "बाकीचे माझ्या भल्यासाठी टोचतात, बाई. तू तुझ्या कामासाठी टोचणार. मग मला काय?"

मग मिस कोरानेच तोडगा काढला. जे दिसेल ते मला दाखवायचं. बरं दिसो, वाईट दिसो. तिच्या डॉक्टरांनी मान डोलावली, ओपलने शब्द दिला. तेव्हापासून रोज हात पुढे येत होता. चार दिवस मात्र दाखवायला तुंबलेल्या वाटांखेरीज काही नव्हतं. आणि आज तर तिचं रक्त डब्यात गेलं होतं. उद्या कुठल्या तोंडाने दुसरी नळी मागायची?

बुधवार होता, तिच्या चर्चमधला उपास-प्रार्थनेचा दिवस. दुपारपर्यंतच्या उपासाने पोट रिकामं होतं. ओपल क्षणभर डोळे मिटून बसली. मग उरलेलं रक्त तिने सोडलं नाही. हातमोजे नीट ओढून घेतले आणि टाकलेल्या पट्ट्या डब्यातून परत काढल्या. एकेकीत निळं पाणी सोडलं. पट्टी फाटली असती, तर निळाई कडेने पसरली असती.

पहिली पसरली नाही. दुसरीही नाही. तिसरी शाबूत.

तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर फुस्को यांना बोलावलं आणि कॅमेऱ्याने टिपलेलं त्यांच्यापुढे लावलं. पेशी अरुंद वाटेशी येत होत्या, अंग चोरत होत्या, लांबट होऊन निघून जात होत्या. फुस्को यांनी नळीतला एक थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"मऊ झाल्यात," त्या म्हणाल्या.

"मेलेली पेशी मऊ कशी होईल, डॉक्टर?"

"मेल्यात कुठे? या गोळ्या मारत नाहीत, ओपल. या पेशी अर्ध्या वाढीवरच अडून बसल्या होत्या. आता मोठ्या व्हायला लागल्यात."

ओपलने डोळा लावला. गोल, ठोकळ्यासारख्या केंद्रकांना पाकळ्या फुटत होत्या. आणखी थोड्या वाढल्या असत्या, तर कुणाच्याही निरोगी रक्तातल्या म्हणून खपल्या असत्या. तिने हातमोजे काढले, हात धुतले आणि ती चित्रफीत घेऊन जिन्याकडे निघाली.

चार रात्री गुडघे टेकून तिने या पेशींचं मरण मागितलं होतं. आता पायऱ्या चढता चढता ती देवाकडे त्यांचंच भलं मागत होती.