सैल हलगी

"पुन्हा सैल पडली का रं?" नागेंद्र आप्पानं सनई तोंडातून काढत विचारलं. मोठ्यानं, मांडवातल्या चार लोकांना ऐकू जाईल असं.

भावकूनं हलगी काखेत मारली. "व्हय आप्पा. हवाच दमट हाय. आलो शेकून."

"तुझ्या हलगीनं माझ्या सनईचं वाटोळं केलं बघ," म्हणत आप्पा खुर्चीवर टेकला आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं श्वास घेऊ लागला.

खानापूर रोडवरच्या कार्यालयात बेळगावच्या मार्तंड वकिलांच्या मुलीचं, अदितीचं लग्न होतं. मार्गशीर्षातली सकाळ, बाहेर धुकं. सनईला आप्पा, हलगीला भावकू आणि घुमक्याला रविराज, असा हा तिघांचा ताफा अठरा वर्षं लग्नं वाजवत आला होता.

आप्पाचं एक गुपित होतं. त्याचा दम संपला होता. गेल्या तीन वर्षांत छातीचा भाता पार फाटला होता. पंधरा मिनिटं फुंकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बायकोनं, मालुबाईनं, बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी मांडवात दम तुटंल, त्या दिवशी सनई माळ्यावर जाईल. मग रडा न्हायतर पडा."

सनई माळ्यावर गेली तर आपण खाली राहून काय करायचं, हे आप्पाला खरंच सुचत नव्हतं.

पण देव दयाळू. त्यानं भावकूला हट्टी केलं होतं. कातड्याची हलगी ओल्या हवेत सैल पडते, जाळावर शेकावी लागते. आता सगळे फायबरची घेतात. तिला ना दव बाधतं ना पाऊस, शेकायची भानगडच नाही. भावकू मात्र कातड्यालाच चिकटून होता. दर पंधरा मिनिटांनी उठायचा, मागं तीन विटा मांडून जाळ करायचा, आणि तेवढ्यात आप्पा दम खायचा. बोलणी भावकूला, विश्रांती आप्पाला. आप्पाला त्याची लाज वाटायची, पण दम लाजेपेक्षा मोठा होता.

भावकूची शेकायची तऱ्हाही न्यारी. हलगी जाळापासून हातभर लांब धरायचा.

"जाळ काय चावतोय का रं तुला?" रविराज चेष्टा करायचा.

"जवळ धरली तर फाटतीया. आणि हात लावू नगंस." आपल्या हलगीला तो कुणालाच शिवू द्यायचा नाही.

शेकली की मात्र खणखणीत वाजायची. दोन पावसाळे झाले, तिचा आवाज एकदाही बसला नव्हता. शेकण्याचा गुण, असं आप्पा चारचौघांत सांगायचा.

तेवढ्यात वकीलसाहेब फेटा सावरत आले.

"आप्पा, हे काय चाललंय? वाजतं कमी आणि थांबतं जास्त. व्याही विचारतायत, वाजंत्री जेवायला बसले काय म्हणून."

"साहेब, ह्याची हलगी..." आप्पाचं बोट सवयीनं मागच्या अंगणाकडं गेलं.

"मग सोय मीच करतो. मेव्हणा खडेबाजारातून निघतोय, त्याला फायबरची हलगी आणायला सांगतो. अक्षतांपासून पंगत उठेपर्यंत खंड पडता कामा नये. जमत नसेल तर धाकटीच्या लग्नाला दुसरे बघेन."

अक्षता ते पंगत म्हणजे दीड तास. माळा त्याला डोळ्यांसमोर दिसू लागला.

हलगी आली. नवी कोरी, चकाकणारी. वकीलसाहेबांनी ती स्वतः अंगणात नेऊन भावकूपुढं धरली आणि धाकटीच्या लग्नाची अटही ऐकवली. आप्पाही मागोमाग अंगणाच्या दारात आला. भावकूनं दोन टिचक्या मारल्या आणि परत दिली.

"परक्या हलगीवर हात बसत न्हाय, साहेब. धाकट्या बाईंच्या लग्नाला खुशाल दुसरे बघा. आज माझीच वाजंल."

"असं? मग चला, हे व्याह्यांना तुम्हीच सांगा."

भावकूनं आपली हलगी विटांजवळ ठेवली आणि वकिलांमागून मांडवात गेला. दारातून आप्पाला दिसत होतं. भावकू हात जोडून उभा, मान खाली, आणि चार पावणे त्याच्याकडं बघतायत. आप्पाला गलबलून आलं. हे सगळं आपल्यापायी. अठरा वर्षांचा सोबती, त्याला आपण किती दिवस पुढं करायचं? बस झालं. आज अक्षता पडल्या की सगळं सांगून टाकायचं, आणि सनई जाऊ दे माळ्यावर.

निदान आज त्याची हलगी तरी आपण शेकून ठेवू, म्हणून तो विटांजवळ बसला. आयुष्यात पहिल्यांदाच ती हलगी त्याच्या हातात आली. कितपत सैल पडलीय ते बघायला त्यानं अंगठा दाबला.

हलगी दबलीच नाही.

त्यानं बोटं फिरवली. ना केसाचं मूळ, ना शीर. वरून कातड्यासारखा पिवळट रंग फासलेला, आणि कडेच्या कापडी पट्टीखाली दुकानाचं अर्धं खरवडलेलं, जुनं झालेलं लेबल. वकीलसाहेबांनी आणली तिच्यासारखीच ही. फायबरची.

भावकू चहाचे दोन कप घेऊन हसत परतला. "व्याही शेतकरी माणूस हाय, आप्पा. जुन्या कातड्याला सबूर पायजे, म्हणाले. थांबा म्हणाले निवांत." मग आप्पाच्या हातातल्या हलगीकडं त्याची नजर गेली आणि हसू ओठांवरच थांबलं. "आप्पा... झाली का शेकून?"

आप्पानं हलगी जाळापासून हातभर लांब धरली.

"न्हाय रं," तो म्हणाला. मोठ्यानं, मांडवातल्या चार लोकांना ऐकू जाईल असं. "लई सैल पडलीया. अजून धा मिनिटं तरी लागतील."