सहावं स्थळ

वंदनाची पाच स्थळं रिव्हर्समध्ये गेली होती आणि सहावं समोरच्या सोफ्यावर बसून चहा पीत होतं.

या घरात मुलगा पसंत करायची रीतच वेगळी होती. वंदनाचे वडील धर्मराज एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. पुढं गाडी कोणीही नेतो, माणूस कळतो तो रिव्हर्सला, हे त्यांचं ठाम मत. चहापाणी झालं की ते मुलाच्या हातात आपल्या जीपची किल्ली ठेवत आणि गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत गाडी मागं घ्यायला सांगत. जाफराबादची गल्ली ती. एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला शेजारच्या तुळजाबाईंची बाज, आणि बाजेवर बारा महिने काहीतरी वाळत घातलेलं. इंजिनिअर नालीत गेला. बँकवाल्यानं तुळजाबाईंच्या कुरडया चिरडल्या. एका तलाठ्यानं किल्ली पाहिली आणि हात जोडून तो तसाच निघून गेला. वंदना एकोणतीस वर्षांची झाली. आता पाहुणे येणार म्हटलं की तुळजाबाई न सांगता बाज उचलून आत नेत.

या खेपेला वंदनाच्या आई पुष्पाबाईंनी नवऱ्याकडून शब्द घेतला होता. "मुलगा पायलट हाय. किल्ली खिशातून बाहेर निघाली, तर मी माहेरी वाटूरला जाते. मंग तुम्ही अन् तुमची जीप."

म्हणून धर्मराज खिशातल्या खिशात किल्ली चाचपत बसले होते. मुलगा-मुलगी गच्चीवर दहा मिनिटं बोलून आली होती. वंदना हसत खाली आली. तिला मुलगा आवडला होता, आणि ते लपवायची तिला गरजही वाटत नव्हती. पाहुणा मात्र घाम पुसत आला. सोमेश्वर त्याचं नाव. मूळचा अंकुशनगरचा, आता हैदराबादच्या विमानतळावर.

धर्मराजांना राहवेना. जीप नाही तर नाही, विचारायला काय हरकत आहे?

"मला एक सांगा पाव्हणं, पायलटचा हात कोणत्या इमानात दिसतो?"

"मोठ्याच की!" मध्यस्थ राधेश्याम मध्येच बोलले. स्थळ त्यांनीच आणलं होतं. "दोन-दोनशे माणसं बसतात त्यात."

"नव्वद तर मी बी बसवत होतो," धर्मराज म्हणाले. "अन् पंचेचाळीस शिटांवर. यांना बोलू द्या."

सोमेश्वरनं कप खाली ठेवला. "पायलट लोक म्हणतात, छोट्या इमानात दिसतो. मोठ्यात बरंचसं काम मशीनच करतं. छोट्याला हवेचा जरासा धक्का बी लागतो, मंग समदं हातावर."

"लोक म्हणतात ते ठीक. तुम्ही काय म्हणता?"

सोमेश्वरनं दाराकडं पाहिलं. दारात वंदना उभी होती.

"अप्पा," ती म्हणाली, "यांना रिव्हर्सचं विचारा की."

पुष्पाबाईंच्या हातातलं चिवड्याचं ताट जागीच थांबलं. गेली दोन वर्षं या मुलीनं घरात हा शब्द कोणाला उच्चारू दिला नव्हता. धर्मराजांचा चेहरा मात्र खुलला. त्यांनी पुष्पाबाईंकडं न बघता विचारून टाकलं.

"बराबर. इमान रिव्हर्स घेताना पायलटला मागचं दिसतं का?"

"न्हाई मामा. इमान आपलं आपण मागं जातच न्हाई. समोरून ट्रॅक्टर लावून ढकलावं लागतं."

"म्हणजे पायलटला रिव्हर्स येत न्हाई?"

"यायची गरजच पडत न्हाई."

धर्मराज मागं टेकले. सहावं स्थळही गेलं, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. केवळ उत्सुकता म्हणून त्यांनी विचारलं, "मंग ट्रॅक्टर कोण चालवतो?"

"मी."

राधेश्याम एकदम पंख्याकडं बघू लागले.

"काकांनी विचारलं, काय करतो. मी म्हणलो, इमान काढून राह्यलो," सोमेश्वर म्हणाला. "त्यांनी पायलट करून टाकलं. मला हे इथं आल्यावर कळलं. गच्चीवर यांना सांगितलंय. तुम्हाला बी सांगायचंच होतं." तो उठायच्या बेतात होता.

पुष्पाबाईंनी ताट टीपॉयवर आदळलं. धर्मराजांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"बसा. इमान लांबीला किती?"

"चाळीस मीटर धरा. पंख बी तेवढेच. दोन्ही पंखांखाली एकेक माणूस बघायला उभा."

"ट्रॉलीवानी जातं?"

"बिलकुल. स्टेअरिंग इकडं फिरवलं, की शेपूट तिकडं."

"शिकलात कुठं?"

"कारखान्यावर. वडलांचा ट्रॅक्टर होता. उसाची ट्रॉली वजनकाट्यावर रिव्हर्स लावायचो."

धर्मराज पुढं सरकले. डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "दोन्ही ट्रॉल्या जोडून?"

"न्हाई मामा, एकच. भरल्या दोन ट्रॉल्या कारखान्याच्या आवारात मागं घेतल्या म्हणणारा माणूस खोटं बोलतो."

एकतीस वर्षांत डेपोतल्या किती जणांनी धर्मराजांना त्या दोन ट्रॉल्यांच्या बाता ऐकवल्या होत्या. खरं सांगणारा हा पहिला. मग त्यांनी खिशातून जीपची किल्ली काढली. पुष्पाबाईंनी कपाळावर हात मारला. धर्मराज उठले आणि त्यांनी किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून टाकली.

"कुंकू आण," ते बायकोला म्हणाले. "पायलटच्या नादात चांगला ड्रायव्हर हातचा गेला असता."