पाठमोऱ्याचा चेहरा

कागदावरचा सातवा चेहराही कचऱ्याच्या टोपलीत गेला.

सकाळी तिने त्या चित्राचा फोटो काढून संपादकाला पाठवला होता. त्याचा लगेच फोन आला. "ताई, पोर गोड आहे, नाही म्हणत नाही. पण हा आपला पाठमोरा वाटत नाही. पाहुण्यांकडचा कुणीतरी वाटतोय." संपादक भला माणूस होता, उगाच खुसपट काढणारा नव्हता. म्हणूनच तिला ते जास्त लागलं. पुस्तक शुक्रवारी छपाईला जायचं होतं, आणि आज बुधवार उजाडला होता.

पाठमोरा म्हणजे तिच्या पुस्तकांतला मुलगा. गोष्टही तिची आणि चित्रंही तिचीच. अकरा पुस्तकं झाली, पण तो एकदाही वाचकांकडे वळला नव्हता. डबक्यात उतरायचा, मांजरामागे जिने चढायचा, एका हरवलेल्या बुटासाठी गल्ल्या पालथ्या घालायचा, पण सगळं पाठमोरं. डोक्यावरचा भोवरा, जरासा बाहेर आलेला डावा कान, एका बाजूने चड्डीतून सुटलेला शर्ट. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तो मागे न बघता विचारायचा, "झालं का तुझं?" आणि आतून आईचं उत्तर यायचं, "अजून थोडंसं." वाचनालयात मुलं हे दोन्ही एका सुरात म्हणायची आणि खिदळायची.

एका समारंभात कुणी विद्वान म्हणाले होते, की प्रत्येक मुलाला तिथे स्वतःचा चेहरा लावता यावा म्हणून लेखिकेने तो मुद्दाम लपवला आहे. असलं काही तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण टाळ्या पडल्या, आणि मग पुढच्या प्रत्येक मुलाखतीत तिने तेच वाक्य खुशाल स्वतःचं म्हणून ठोकून दिलं.

बारावं पुस्तक शेवटचं होतं. त्याच्या शेवटच्या पानावर पाठमोरा नेहमीचा प्रश्न विचारतो, आई या वेळी म्हणते, "झालं, ये," आणि तो वळून तिच्याकडे बघतो. बस, एवढंच. लिहायला दहा मिनिटं लागली होती आणि लिहिताना ती रडली होती. चित्राला मात्र तीन महिने झाले तरी हात चालत नव्हता.

पाठमोरा हा तिचाच मुलगा, हे काही गुपित नव्हतं. म्हणून तिने जुने फोटो काढले. फोटोंत तो होता, पण वडिलांकडे बघून दात काढणारा, मामाकडे बघून तोंड वेंगाडणारा, शाळेच्या फोटोवाल्यासमोर ताठ उभा असलेला. आईकडे बघणारा एकही नव्हता. ठीक आहे, आठवून काढू, असं म्हणत तिने डोळे मिटले. भोवरा आठवला. कान आठवला. मानेवरचा तीळसुद्धा आठवला. त्यापुढे काही येईना. पोटच्या पोराचा चेहरा आठवू नये, ही कसली आई?

दुपारी मुलगा आला. चाळिशीला टेकलेला, हातात हेल्मेट. तिच्या टेबलावरच्या दिव्यासाठी नवा बल्ब आणला होता. नेहमीप्रमाणे खोलीच्या दारातच थांबला आणि तिथूनच हात लांब करून त्याने बल्ब पुढे केला.

"आत ये की," ती म्हणाली.

"नको, तुझं काम चाललंय."

"ऐक ना. लहानपणी मी काम करत असताना तू माझ्याकडे बघायचास, तेव्हा तुझं तोंड कसं व्हायचं रे?"

तो हसला. रागाने नाही, खरंच गंमत वाटून. "बघायचो कुठे? तूच म्हणायचीस ना, दाराकडे तोंड करून बस, तुझा चेहरा दिसला की माझं लक्ष उडतं. ते स्टूल माझंच तर होतं."

स्टूल अजून तिथेच होतं. त्यावर आता शाईच्या बाटल्या होत्या. ती विसरली होती असं नाही, पण तिच्या आठवणीत तो मायलेकांचा एक लाडका खेळ होता. किती दुपारी ते पोर तिथे तसं बसलं असेल, याचा हिशेब तिने कधी केला नव्हता. अकराच्या अकरा पुस्तकं तिने या खुर्चीतून जे दिसलं तेच बघून काढली होती.

तिने बाटल्या जमिनीवर ठेवल्या, पदराने स्टूल पुसलं. "पाच मिनिटं बस. मला तुला काढायचंय." चेहरा कितीही जून झाला तरी डोळे तेच राहतात. त्या डोळ्यांत ते पोर कुठेतरी सापडेल, एवढी एकच आशा तिला उरली होती.

त्याने हेल्मेट खाली ठेवलं. ती टेबलाशी गेली, कोरा कागद लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि मान वर केली.

तो स्टुलावर बसला होता. दाराकडे तोंड करून, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन. भोवऱ्यावरचे केस विरळ झाले होते.

अरे, इकडे वळ, असं तिला म्हणायचं होतं. पण हात केव्हाच सुरू झाला होता. कान झाला, मान झाली, तीळ झाला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच रेघ कशी सुरसुर चालली होती.

"झालं का तुझं?" त्याने मागे न बघता विचारलं.

"अजून थोडंसं," ती म्हणाली.